कन्या शाळेचा खो-खो संघ: जूनपासून जिल्हा स्पर्धेपर्यंत

तालुका पातळीवरच्या शालेय खो-खो स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. पहिला सामना हरला की संघ घरी. जूनपासून घाम गाळणाऱ्या मुलींचं वर्ष तासाभरात संपतं आणि सामना एकतर्फी झाला, कुणी डावाने हरवलं, तर त्याहूनही लवकर. मुलींच्या शाळांमध्ये संघ टिकत का नाहीत, यावर शिक्षकांच्या खोलीत बरंच बोललं जातं: मुलींना आवड नाही, पालक पाठवत नाहीत, अभ्यास आहे. यातलं थोडं खरं आहे. पण वर्षातून एकच सामना मिळणार असेल तर मुलगी तरी कशाला रोज पाच वाजेपर्यंत थांबेल? या लेखात जून ते जिल्हा स्पर्धा असा क्रम दिला आहे आणि शेवटी त्या एका सामन्याचे सात सामने कसे करायचे तेही.

आधी खेळ ठरवा, तोही एकच

शासनाच्या यादीत खेळ भरपूर आहेत. उत्साही मुख्याध्यापिका सगळ्यांच्याच प्रवेशिका भरायला सांगतात. तसं करू नका. एक सांघिक खेळ आणि दोन-तीन वैयक्तिक प्रकार (धावणे, लांब उडी, बुद्धिबळ) एवढंच एका क्रीडाशिक्षिकेला नीट पेलतं.

सांघिक खेळांत खो-खोची शिफारस मी करते ती जागेमुळे आणि पैशांमुळे. मोठ्या गटांचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन खांब, फक्कीची एक पिशवी आणि मोजपट्टी एवढ्यावर सराव सुरू होतो. पुण्याच्या पेठांतल्या किंवा मुंबईतल्या जुन्या कन्या शाळांना एवढंही पटांगण नसतं. तिथे अर्धं मैदान आखा: एक खांब, चार चौकोन. खांबाजवळचं वळण, खो देणं आणि एकेरी साखळी (बसलेल्या एकेकीमधून नागमोडी पळणं) एवढं त्यात पक्कं होतं. पूर्ण मैदानासाठी आठवड्यातून एकदा जवळच्या शाळेत जा. मुलींच्याच शाळेत एक सोय मात्र आपोआप असते. मधल्या सुट्टीत पटांगणाचा मधला भाग क्रिकेटवाल्या मुलांनी अडवलेला नसतो.

एक सावधगिरीची सूचना. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. ते सामने मुलींना जरूर दाखवा. मात्र तिथला वजीर (दोन्ही दिशांना धावू शकणारी आक्रमक), तिथली गुणपद्धत ही वेगवान प्रकाराची आहे. शालेय स्पर्धेत पारंपरिक खेळ चालतो: एक गडी बाद, एक गुण. दोन्हींची सरमिसळ झाली की मुली सामन्यात गोंधळतात.

जूनचा पहिला आठवडा कागदांचा

स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी त्यांची चढण असते. महानगरपालिका क्षेत्र असेल तर तिथली स्पर्धा वेगळी. वयाची मर्यादा इयत्तेवरून नाही, जन्मतारखेवरून ठरते. त्या वर्षीच्या परिपत्रकात नेमकी तारीख दिलेली असते. 'आठवीची आहे म्हणजे चौदाखाली बसेल' हा अंदाज बऱ्याचदा फसतो.

म्हणून सरावाआधी प्रत्येक मुलीचा जनरल रजिस्टरचा उतारा आणि आधार कार्ड शेजारी ठेवून बघा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख या तिन्हींत फरक निघतो आणि आधारची दुरुस्ती व्हायला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये ऑनलाइन प्रवेशिका भरताना हे कळलं तर चांगली खेळाडू बाहेर बसते. प्रत्येकीची प्लॅस्टिकची फाईल करा आणि त्यात फोटो, उतारा, आधारची प्रत, पालकांचं संमतिपत्र, रक्तगट आणि दोन फोन नंबर ठेवा. दुसरा नंबर आईचा किंवा शेजारच्या काकूंचा हवा. वडिलांचा फोन कामावर असताना लागत नाही.

निवड: हात वर करायला सांगू नका

'कोणाला खेळायचंय?' असं विचारलं की त्याच सहा मुली हात वर करतात. पाचवी ते नववीच्या सगळ्या वर्गांची चाचणी शारीरिक शिक्षणाच्या तासालाच घ्या. तीस मीटर धाव, दहा मीटरची चार वेळा ये-जा आणि तिसरी चाचणी मी स्वतः महत्त्वाची मानते ती: उकिडवं बसवायचं, मागून पाठीवर थाप पडली की उठून तोंड असेल त्या दिशेला धावायचं. या चाचणीत वर्गातल्या वेगवान मुली कधीकधी मागे पडतात आणि एखादी गप्प बसणारी मुलगी पुढे येते.

उंची बघू नका. बुटकी, चटकन वाकणारी, दोन्ही बाजूंना सारखी वळणारी मुलगी पळतीला उत्तम. लांब हातांची, सूर मारायला न घाबरणारी आक्रमणाला. मैदानात नऊ जणी उतरतात, पण निवड चोवीस-पंचवीसांची करा. सप्टेंबरपर्यंत त्यातल्या काही जणी क्लास, आजारपण, गावी जाणं, घरचा नकार या कारणांनी गळतात आणि हे गृहीत धरूनच संख्या ठेवायची. पाचवी-सहावीच्या पाच-सहा मुली त्यात असल्याच पाहिजेत. त्या यंदा खेळणार नाहीत, पण तीन वर्षांनी संघ त्यांचाच असेल.

घरचा होकार

पालकसभा घ्या. पण सभेला येतात ते पालक बहुधा आधीच राजी असतात. बाकीच्यांसाठी एका पानाचं पत्र पाठवा. त्यात सरावाचे वार, सुटण्याची वेळ, सोबत कोण असेल आणि स्पर्धेच्या संभाव्य महिन्यांची माहिती असू द्या. 'मुलीचा सर्वांगीण विकास' वगैरे लिहू नका. कुणी वाचत नाही.

एका आईने मला सरळ सांगितलं होतं, "बाई, खेळू द्या की. पण दिवेलागणीच्या आत ती घरात पाहिजे, नाहीतर तिच्या आज्जी मला बोलतात." सगळा प्रश्न बहुतेक वेळा एवढाच असतो. सुटण्याची वेळ पाळा, एक दिवसही मोडू नका. एकाच बाजूला राहणाऱ्या मुलींचे गट करून त्यांना एकत्र घरी पाठवा आणि गटातली एकजण पोहोचल्याचा निरोप देईल असं ठरवा. दुपारच्या अधिवेशनाची शाळा असेल तर सराव सकाळी घ्या. सकाळी पाणी भरणं, धाकट्याला तयार करणं ही कामं मुलींच्याच वाट्याला असतात, तेव्हा साडेसहाचा हट्ट धरू नका. साडेआठ ते दहा चालतं.

वडील विचारतात, 'याचा उपयोग काय?' त्यांना खरी माहिती द्या. पात्र स्पर्धेतल्या सहभागावर किंवा प्राविण्यावर दहावी-बारावीला क्रीडा सवलत गुण मिळतात, स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ पर्यंत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे सांगा, पण 'तुमचीही मुलगी होईल' असं आश्वासन देऊ नका.

शाळेत क्रीडाशिक्षक पुरुष असतील तर एक शिक्षिका सरावाला आणि प्रवासाला सोबत हवीच. कौशल्य दाखवताना त्यांनी स्वतः हात न लावता मोठ्या मुलीकडून करून दाखवावं. रात्री एकेका मुलीशी फोनवर चॅट नको. निरोप पालकांच्या ग्रुपवर टाकावा. या गोष्टी पहिल्याच सभेत पालकांसमोर मोठ्याने सांगितल्या की नंतरच्या निम्म्या शंका उरत नाहीत.

कपडे, पाळी आणि रक्त

टी-शर्ट आणि ट्रॅक पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी, काय घालायचं ते मुलींना ठरवू द्या. फक्त संघाचा रंग एक हवा आणि नंबर स्पष्ट. आखूड चड्डीच हवी, असा आग्रह कुणी धरला तर त्याला मैदानाबाहेर बसवा. आतले कपडे खेळायला योग्य असणं हे बुटांइतकंच गरजेचं आहे. हा विषय शिक्षिकेने मुलींशी आणि आयांशी एकदा मोकळेपणाने बोलावा. नखं कापलेली, बांगड्या, कानातलं, पैंजण काढलेलं आणि केसांना टोकदार पिना नकोत. हे सराव करतानाही पाळा, नाहीतर सामन्याच्या दिवशी डूल काढण्यावरून रडारड होते.

किटच्या पिशवीत सॅनिटरी पॅड, जास्तीची गडद रंगाची पँट आणि जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे कायम असावेत. पाळीत खेळायचं की नाही ते तिनेच ठरवायचं. खेळण्यात अपाय नाही. दुखत असेल तर बसू दे, कारण विचारू नका. कर्णधाराकडे एक साधी खूण ठरवून ठेवा. पाळी सुरू झालेल्या मुलीला दोन-तीन महिने ती आलीच नाही तर आईला सांगून डॉक्टरांकडे पाठवा. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींत असं होतं.

दमछाक लवकर होते तेव्हा आपण 'स्टॅमिना नाही' म्हणून फेऱ्या वाढवतो. आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी होते. बारा वर्षांवरच्या मुलीत ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर आधी उपचार, मग फेऱ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात टाकतात, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. ती जेवणानंतर समोर खायला लावा आणि जेवणाला लागून चहा नको. सरावानंतर शेंगदाणे-गूळ किंवा भिजवलेले चणे. खर्च कमी, आणि पालकांकडून आलटून पालटून आणून घेता येतं.

सराव: नऊ मिनिटांचं गणित

वरच्या गटांत प्रत्येक डावात ९ मिनिटं आक्रमण आणि ९ मिनिटं संरक्षण, असे दोन डाव. १४ वर्षांखाली वेळ कमी असतो, सहसा ७ मिनिटं. पळणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीने येतात. नऊ मुलींनी सरासरी एकेक मिनिट काढलं की डाव निघाला. मुलींना मी एवढंच सांगते: "तुला एक मिनिट पळायचंय." तीन मिनिटं पळणारी एखादीच हिरोईन असते आणि तिच्यावर संघ उभा केला तर ती लवकर बाद झाल्यावर बाकीच्या कोसळतात. प्रत्येकीची पळती घड्याळावर मोजा, वहीत लिहा. आठवड्याला पाच सेकंद वाढली तरी मुलीला ती दिसते.

जुलैचा पूर्ण महिना मूलभूत गोष्टींना द्या. उकिडवं बसण्याची ठेवण: एक पाय पुढे, एक मागे, हाताची बोटं जमिनीला, नजर समोर आणि कान मागे. खो देताना आधी पाठीला स्पर्श आणि लगेच मोठ्याने 'खो'. मुलींचा आवाज इथेच दबतो. मोकळ्या मैदानात ओरडायची त्यांना सवय नसते, म्हणून पहिले काही दिवस नुसतं ओरडण्याचा सराव घ्या. हसू द्या त्यांना. बसलेली मुलगी खो मिळण्याआधी उठली, पाठलाग करणारीने दिशा बदलली किंवा मधली पाटी ओलांडली की फाउल. पंच तिला उलट दिशेला पाठवतात आणि तेवढ्यात पळणारी निसटते. एका फाउलने दहा-पंधरा सेकंद सहज जातात. सरावात फाउल मोजणारी एक मुलगी बाजूला बसवा. जी सगळ्यात जास्त बडबड करते तिला हे काम चांगलं जमतं.

पळतीत एकेरी साखळी पक्की झाल्याशिवाय दुहेरीकडे वळू नका. मग गोल फिरणं आणि शेवटी हुलकावणी. हुलकावणी लवकर शिकवली तर मुली पायापेक्षा खांद्याने खेळतात आणि पकडल्या जातात. आक्रमणात आधी खांबावर बाद करायला शिकवा, सूर नंतर. सूर वाळूत किंवा भिजून मऊ झालेल्या मातीवर शिकवा, गुडघ्याला पॅड बांधून आणि हनुवटी वर ठेवून.

वळणं आणि अचानक थांबणं हा खो-खोचा जीव आहे आणि गुडघ्याची दुखापतही त्यातच होते. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका वयात येणाऱ्या मुलींना त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा जास्त असतो. रोज दहा मिनिटं यासाठी राखा: एका पायावर तोल, अर्ध्या बैठका, छोट्या उड्या मारून आवाज न करता उतरणं. उतरताना दोन्ही गुडघे आत वळत असतील तर त्या मुलीचा सूर महिनाभर थांबवा. कंटाळवाणं काम आहे. तरी करा.

ऑगस्टपासून सराव सामने सुरू करा, शक्यतो शेजारच्या शाळेच्या १४ वर्षांखालच्या मुलांच्या संघाशी. मुलींच्या शाळेत मुली कायम एकमेकींशीच खेळतात, एकमेकींच्या खोड्या त्यांना पाठ असतात आणि अनोळखी वेगापुढे त्या पहिली दोन मिनिटं गांगरतात. हरतील. स्कोअर वहीत लिहू नका, पळतीच्या वेळा लिहा.

गुण सारखे झाले तर जादा डाव आणि तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण: पहिला गडी कमी वेळात टिपेल तो संघ विजयी. याचा सराव कुणीच करत नाही. आठवड्यातून एकदा, सगळ्या दमलेल्या असताना करा.

स्पर्धेचा दिवस

फाईली, मूळ कागद, ओळखपत्रांवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, सगळं आदल्या दिवशी तपासा. गुणलेखकाकडे पळणाऱ्यांचा क्रम द्यावा लागतो. तो घरीच ठरवून चिठ्ठीवर लिहा. पहिल्या तुकडीत दोन खात्रीच्या आणि एक धाडसी. तिघी बाद झाल्यावर पुढच्या तुकडीने पाठलाग करणाऱ्या संघाचे दोन खो पडायच्या आत मैदानात यायचं असतं. पुढच्या तिघींना रेषेजवळ उभं करायची जबाबदारी एका राखीव मुलीला द्या.

एसटीने जात असाल तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा टेम्पोत मुली कोंबण्याचं कारण उरत नाही.

आणि स्वच्छतागृह. मैदानावर ते नसेल किंवा जाण्यासारखं नसेल तर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारच्या सामन्यात पायात गोळे येतात. संघाच्या हरण्याचं हे कारण कुठल्याही अहवालात येत नाही. आदल्या दिवशी आयोजक शाळेला फोन करून विचारा, नसेल तर जवळच्या शाळेची किंवा मंगल कार्यालयाची सोय बघून ठेवा, मुलींना सकाळी नेऊन दाखवा आणि मग दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला लावा.

पंचांशी वाद घालायचा नाही. आक्षेप असेल तर लेखी, ठरलेल्या मुदतीत, शुल्क भरून. कर्णधाराशिवाय कुणीही बोलणार नाही. पालकांनाही हे आधी सांगून ठेवा, विशेषतः ज्या काकांना नियम येतात असं वाटतं त्यांना.

जिंकलात तर प्रमाणपत्रावरची नावं तिथेच वाचा. चुकलेलं नाव दुरुस्त व्हायला पुढे फार फेऱ्या पडतात आणि दहावीला सवलत गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जाताना हाच कागद लागतो. एखादी मुलगी खरोखर वेगळी वाटली तर तिला खो-खो संघटनेच्या निवड चाचणीला आणि जवळच्या चांगल्या क्लबला पाठवा. संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धांचा मार्ग शालेय स्पर्धांपासून वेगळा असतो. ती तिथे रमली तर तुमच्या सरावाला कमी येईल, ते चालवून घ्या.

आणि शेवटी साखळी सामने

आता एका सामन्याच्या वर्षाबद्दल. तुमची धरून गावातल्या किंवा तालुक्यातल्या मुलींच्या चार शाळा शोधा. कन्या शाळा चार नसतील तर मिश्र शाळांचे मुलींचे संघ घ्या. जुलैच्या शेवटी क्रीडाशिक्षकांनी एकदा भेटायचं आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं असं वेळापत्रक करायचं. चार शाळा, प्रत्येकीचे सहा सामने. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, एका पटांगणावर दोन सामने. यजमान शाळा फक्की, पाणी आणि स्वच्छतागृह देणार, पाहुणी शाळा स्वतःचा खाऊ आणणार. चषक नको, उद्घाटन नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. त्यांची वाट बघण्यात एक सामना जातो.

सामने वेळ कमी करून, पाच-पाच मिनिटांच्या डावांचे ठेवले तरी चालतात. नियम एकच: प्रत्येक संघाने प्रत्येक सामन्यात किमान चार राखीव मुलींना उतरवायचं. तालुका स्पर्धा संपल्यावर, दिवाळीनंतर दुसरी फेरी. हरलेल्या संघाला सराव चालू ठेवायला त्यामुळे कारण मिळतं.

पंच आणि गुणलेखक कुठून आणायचे? दहावीच्या मुली. क्लासमुळे ज्यांनी खेळणं सोडलं, त्यांना रोज येता येत नाही पण शनिवारचे दोन तास काढता येतात. त्यांना शिट्टी, घड्याळ आणि नियमांच्या पुस्तिकेची झेरॉक्स द्या आणि दोन शनिवार अनुभवी पंचांच्या शेजारी उभं करा. पहिल्या दिवशी त्या फाउल द्यायला कचरतात, तिसऱ्या शनिवारी आपल्याच शाळेच्या कर्णधाराला परत पाठवतात.